गाव वाढते तेव्हा विहिरीचे काय होते

रोहा परिसरात पाण्याविषयी बोलणे निघाले की पहिला शब्द येतो तो 'केमिकल'. धाटावची औद्योगिक वसाहत जवळ आहे आणि तिथे रासायनिक कारखाने आहेत. त्यामुळे विहिरीच्या पाण्याला वास आला, रंग आला, चव बदलली की बोट आपोआप धाटावच्या दिशेने जाते. ही शंका निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण या लेखात मला एका वेगळ्याच कारखान्याविषयी लिहायचे आहे. तो रात्रंदिवस चालतो, त्याला धुराडे नसते आणि त्याच्याविरुद्ध कोणी तक्रारही करत नाही, कारण तो आपल्या प्रत्येकाच्या घरामागे, फरशीखाली असतो. शौचालयाची टाकी आणि तिच्या शेजारचा शोषखड्डा, एवढाच त्याचा पसारा.

वरसे हे रोहा शहराला चिकटलेले गाव. कारभार ग्रामपंचायतीचा आणि राहणी बरीचशी शहराची. भातखाचरांवर मुरमाचा भराव पडतो, प्लॉट पडतात, चाळी आणि मग इमारती उभ्या राहतात. महाराष्ट्रात अशी गावे आता शेकड्यांनी आहेत. लोकसंख्या ५,००० च्या वर, घनता चौरस किलोमीटरला निदान ४०० आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी तीन-चतुर्थांश शेतीबाहेर, असे झाले की जनगणना अशा गावाला 'नगर' म्हणते. पण जनगणनेने नगर म्हटले म्हणून नगरपरिषद येत नाही आणि भुयारी गटार तर नाहीच नाही. माणसे शहराइतकी दाट आणि सांडपाण्याची सोय गावाची, ही जी मधली अवस्था आहे, तिचे परिणाम सर्वांत आधी जमिनीखालच्या पाण्यात उमटतात. ते कसे, हे पाहू.

कातळातले पाणी

सुरुवात पावसापासून करावी लागेल. रोह्याला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पावसाचे पाणी जवळजवळ कोरे असते. त्यात हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि समुद्र जवळ असल्याने किंचित मीठ. हे पाणी मातीत उतरते तेव्हा मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनातून साचलेला आणखी कार्बन डायऑक्साइड त्याला मिळतो आणि ते सौम्य कार्बोनिक आम्ल बनते. खाली बसाल्टचा कातळ आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यातल्या खनिजांना हे आम्ल सावकाश विरघळवते आणि पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि थोडी सिलिका येते. कोकणातल्या जुन्या विहिरीचे जे पाणी आपण 'गोड' म्हणतो, त्याचे रसायन एवढेच. त्यात क्लोराइड अगदी थोडे असते, नायट्रेट त्याहून थोडे.

याच कातळाची दुसरी बाजू अशी की त्याच्यात साठवण फार कमी आहे. वाळूच्या प्रदेशात पाणी कणाकणांमधल्या पोकळीत मावते. बसाल्टमध्ये ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि त्याखालच्या भेगांत असते. म्हणून श्रावणात काठोकाठ असलेली विहीर मेमध्ये तळ दाखवते. साठा लहान असला की त्यात पडणारी कोणतीही भर लवकर जाणवते. शिवाय भेगांतून जाणारे पाणी गाळले जात नाही. ते जसे आत शिरते, बरेचसे तसेच पुढे निघते.

आता नळाच्या पाण्याचा विचार करू. रोहा परिसर कुंडलिकेवर जगतो आणि कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते ती भिऱ्याच्या वीजकेंद्रामुळे. हे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. मुळशीच्या धरणात साठलेले, मुळात भीमेकडे जाणारे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली आणून तिथे वीज करतात आणि ते पाणी कुंडलिकेत सोडतात. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून ते कालव्यांना जाते. म्हणजे या खोऱ्यात पडलेल्या पावसाखेरीज घाटमाथ्यावरचा पाऊसही इथे बारमाही येतो, नळातून घरात जातो आणि सांडपाणी होऊन शोषखड्ड्यातून जमिनीत उतरतो. गाव वाढले की भूजल आटते, हे आपण नेहमी ऐकतो. पुष्कळदा उलट घडते. भूजलात भर पडते, फक्त ती भर पावसाची नसते.

एका प्लॉटचा हिशेब

हे कागदावर मांडून पाहू. मी जे आकडे घेतो आहे ते कोणत्याही विशिष्ट इमारतीचे नाहीत. वाचकाने स्वतःच्या घराचे घालून पाहावेत.

आपण जे प्रथिन खातो त्याच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजन असतो. रोज ६० ग्रॅम प्रथिने खाणाऱ्या प्रौढ माणसाच्या पोटात रोज साडेनऊ ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन जातो आणि वाढीचे वय सरले असल्याने जवळजवळ तेवढाच बाहेर पडतो, बहुतेक लघवीतून. वर्षाचे झाले साडेतीन किलो.

आधी जुने चित्र घ्या. एक एकराचे आवार, त्यात सहा माणसांचे एक घर. वर्षाला २१ किलो नायट्रोजन. त्यातला निम्मा वाटेत हवेत उडाला, मातीत अडकला किंवा गाळात राहिला असे धरू. उरले साडेदहा किलो. पावसाचा दहावा हिस्सा, म्हणजे ३०० मिलिमीटर, जमिनीत मुरतो असे मानले तर एका एकरात वर्षाला सुमारे १२ लाख लिटर पाणी उतरते. घरातले सांडपाणी त्यात लाखभर लिटरची भर घालते. साडेदहा किलो नायट्रोजन तेरा लाख लिटरमध्ये मिसळला तर लिटरला आठ मिलिग्रॅम पडतो. नायट्रेटच्या भाषेत त्याला साधारण साडेचारने गुणायचे, म्हणजे ३५ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. एका एकरात एक घर असेल तर आपण मर्यादेच्या आत आहोत.

आता दहा गुंठ्यांचा प्लॉट घ्या, म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटर. त्यावर आठ सदनिका, ३२ माणसे. नायट्रोजन ११२ किलो, निम्मा गेला तरी ५६ किलो. पावसाचे पाणी ३ लाख लिटर. दरडोई रोज १०० लिटर सांडपाणी धरले तर वर्षाला ११ लाख ६८ हजार लिटर. एकूण १४ लाख ६८ हजार. भागाकार केला तर लिटरला ३८ मिलिग्रॅम नायट्रोजन, म्हणजे सुमारे १७० मिलिग्रॅम नायट्रेट. मर्यादेच्या जवळजवळ चौपट. आवारात फरसबंदी केली आणि पाऊस निम्माच मुरला, तर हा आकडा आणखी वाढतो. त्या जमिनीत मुरणाऱ्या दर पाच लिटरमधले चार लिटर तेव्हा आपल्याच मोरीचे आणि संडासाचे असतात.

प्रत्यक्ष विहिरीत एवढे नायट्रेट सापडेलच असे नाही. डोंगराकडून येणारे स्वच्छ पाणी ते पातळ करते, पावसाळ्यातला लोंढा बरेचसे नदीकडे वाहून नेतो. पण गणिताचा रोख स्पष्ट आहे. माणसे तीच, त्यांचे जेवण तेच, पाऊसही तेवढाच. बदलली ती फक्त घनता.

मिठाची खूण

या हिशेबाला दुजोरा देणारा एक साक्षीदार आहे: मीठ. भारतीय माणूस दिवसाला साधारण दहा ग्रॅम मीठ खातो. शरीर ते साठवत नाही. त्यातले सहा ग्रॅम क्लोराइड रोज बाहेर पडते. क्लोराइडला जिवाणू खात नाहीत, माती धरून ठेवत नाही, झाडेही फारसे घेत नाहीत. ते पाण्याबरोबर जसेच्या तसे प्रवास करते. वरच्या ३२ माणसांनी वर्षात खाल्लेले मीठ त्या प्लॉटखालच्या पाण्यात लिटरला ४८ मिलिग्रॅम क्लोराइडची भर घालते. यात अपाय काही नाही. मानकाप्रमाणे २५० मिलिग्रॅमपर्यंत चालते. पण विहिरीत एके काळी जेमतेम असलेले क्लोराइड दर वर्षी थोडे थोडे चढत असेल आणि नायट्रेटही त्याच्या बरोबरीने चढत असेल, तर पाणी कुठून येते आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. कपड्यांच्या पावडरीतले सोडियम सल्फेट हा असाच आणखी एक साक्षीदार. समुद्राचे पाणी शिरले असेल तर क्लोराइड वाढते, पण नायट्रेट त्याला साथ देत नाही.

पाण्यावर उमटलेली ही खूण वाचण्याची कल्पना जुनी आहे. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचे पाणी पिऊन माणसे पटकीने मरत होती. जॉन स्नो या डॉक्टरने तो पंप संशयावरून बंद करायला लावला. जवळच्या घरातला मैलखड्डा पाझरत होता हे नंतर उघड झाले. पुढे एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रेट मोजायला सुरुवात केली. त्याचे म्हणणे असे की पाणी आज स्वच्छ दिसत असेल, पण त्यात नायट्रेट असेल तर ते पूर्वी कधीतरी मैल्याच्या संपर्कात आलेले आहे. दीडशे वर्षांपूर्वीचा हा विचार आजही चुकीचा ठरलेला नाही.

जड पाणी आणि तांबडे पाणी

शोषखड्ड्यातून बाहेर पडतो तो नायट्रोजन अमोनियाच्या रूपात असतो. मातीत हवा असेल तर जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. या क्रियेत आम्ल तयार होते. ते आम्ल माती आणि कातळ यांच्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ओढून घेते. परिणामी पाणी जड होते. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, भांड्यांवर पांढरे पुट बसू लागले, अशी तक्रार येते तेव्हा आपण म्हणतो की कातळाचे पाणी आहे, जड असणारच. पण कातळ तर आजोबांच्या काळीही तोच होता. त्याला अधिक वेगाने विरघळवणारे आम्ल नवे आहे. भरीला सिमेंट आहे. काँक्रीटवरून आणि त्याच्या चुऱ्यातून झिरपणारे पाणी त्यातला चुना घेऊन खाली उतरते.

याच्या उलट प्रकारही घडतो. खड्डे दाट झाले, जमिनीत सेंद्रिय घाण फार साठली, तर जिवाणू तिथला प्राणवायू संपवून टाकतात. मग ते नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. तेही संपले की मातीतल्या मँगनीज आणि लोहाच्या संयुगांची पाळी येते. ती एरवी पाण्यात न विरघळणारी, आता विरघळू लागतात. अशा बोअरवेलचे पाणी उपसताना नितळ दिसते आणि बादलीत तासभर ठेवले की तांबूस होते, तळाला गंजासारखा गाळ बसतो. त्याही पुढची पायरी म्हणजे सडक्या अंड्याचा वास. लोक याला केमिकल म्हणतात. बसाल्टमध्ये आणि आपल्या तांबड्या मातीत लोह भरपूर आहे. ते पाण्यात उतरायला कारखाना लागत नाही, प्राणवायू संपणे पुरेसे असते. म्हणून तपासणीत नायट्रेट शून्य आले की पाणी चांगले, असा निष्कर्ष लगेच काढू नये. कधी कधी तो प्रदूषण कमी असल्याचा नव्हे, अती असल्याचा पुरावा असतो.

मग कारखान्यांचे काय? औद्योगिक प्रदूषणाची जात वेगळी असते. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. तिथे रंगांसाठी लागणाऱ्या 'एच आम्ला'च्या कारखान्यांचा गाळ उघड्यावर पडला, पावसाने तो जमिनीत उतरवला आणि आसपासच्या विहिरींचे पाणी गडद रंगाचे, निरुपयोगी झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये या प्रकरणी निकाल दिला आणि प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी हे तत्त्व भारतीय कायद्यात पक्के केले. असे प्रदूषण एका ठिकाणाहून निघते, त्याचा पसारा नकाशावर काढता येतो आणि जबाबदार कोण हे दाखवता येते. घरगुती प्रदूषणात आरोपी हजारो असतात आणि फिर्यादीही तेच. पण दोन्हींची गल्लत झाली की नुकसान दोन्हीकडून होते. सगळे धाटावच्या नावावर घातले तर शोषखड्डा सुटतो. उद्या कारखान्याकडूनच खरोखर काही झिरपले तर ते सिद्ध करायला हाताशी जुनी मोजमापेही नसतात.

टीसीएल काय करते आणि काय नाही

गावात पाण्याची सुरक्षा म्हणजे टीसीएल पावडर, हे समीकरण पक्के झाले आहे. जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत ती टाकतो, जिवाणू मरतात आणि साथी टळतात. हे काम मोलाचे आहे. पण नायट्रेटवर टीसीएलचा काहीही परिणाम होत नाही. पाणी उकळल्यानेही ते जात नाही, उलट वाफ गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात थोडे दाटच होते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरने १९४५ मध्ये दाखवून दिले की विहिरीच्या नायट्रेटयुक्त पाण्यात दूध कालवून पाजलेली तान्ही बाळे निळी पडतात, कारण त्यांचे रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मोठ्या माणसाला हा त्रास सहसा होत नाही. पण वरचे दूध पाजणारी आई पाणी उकळून घेते ती काळजीपोटी, आणि नायट्रेटच्या बाबतीत तिची काळजी वाया जाते.

ज्यांना परवडते ते आरओ यंत्र बसवतात. त्याने नायट्रेट कमी होते हे खरे. मात्र यंत्र गाळून बाजूला काढलेले क्षार ज्या पाण्यात सोडते, ते पाणी मोरीतून पुन्हा त्याच शोषखड्ड्यात जाते. एका घराचा प्रश्न सुटतो, जमिनीचा हिशेब तसाच राहतो.

हा प्रश्न फक्त कोकणाचा नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशभरात तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे २० टक्के आणि महाराष्ट्रातल्या नमुन्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त होते. यात रासायनिक खतांचा वाटा मोठा आहे. पण शेते गेली आणि घरे आली की नायट्रेट थांबत नाही, फक्त त्याचा मालक बदलतो.

केळ, अळू आणि खाचर

यावरून शौचालये नकोत असा अर्थ कोणी काढू नये. उघड्यावरच्या घाणीने मुलांचे जीव जात होते आणि शौचालयांनी ते वाचवले. शौचालयाचा खड्डा आणि विहीर यांत निदान १५ मीटर अंतर असावे, असा दंडक सांगितला जातो. मातीतून तेवढा प्रवास करताना जंतू मरतात, हा त्यामागचा विचार. नायट्रेट मात्र १५ मीटरनंतर मरत नाही आणि कातळातल्या भेगेतून जंतूही त्याहून लांब जाऊ शकतात. अंतराचा नियम हवाच, पण तो पुरणारा नाही.

जुन्या कोकणी आवारात नायट्रोजनची सोय न बोलता झालेली असे. न्हाणीचे पाणी केळीला आणि माडाला, मोरीचे अळवाला. ही झाडे पाणी पितात तसा नायट्रोजनही खातात. त्यापलीकडे भातखाचर असे. पाण्याने भरलेल्या खाचराच्या चिखलात प्राणवायू नसतो आणि नायट्रेटचे वायूत रूपांतर होऊन ते उडून जाते. ही व्यवस्था कोणी रसायन शिकून उभारलेली नव्हती, पण ती काम करत होती. खाचरावर भराव टाकून इमारत बांधतो तेव्हा आपण नायट्रोजन वाढवतो आणि त्याला संपवणारी जागाही त्याच दिवशी बुजवतो.

उपाय आहेत. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी ठरावीक वर्षांनी प्रत्येक टाकी उपसून मैला प्रक्रियेसाठी नेण्याची पद्धत सुरू केली. वरसेसारख्या गावांनी रोह्याच्या मदतीने तसे करायला हरकत नाही. मात्र उपशाने गाळ जातो. लघवीतला नायट्रोजन विरघळलेला असतो आणि तो पाण्याबरोबर आधीच निघून गेलेला असतो. म्हणून टाकीतून बाहेर पडणारे पाणी थेट खड्ड्यात न सोडता कर्दळीच्या किंवा केळीच्या वाफ्यातून नेणे, दाट वस्तीत लहान व्यासाची सामाईक गटारे टाकून ते एका जागी प्रक्रियेला आणणे, नव्या प्लॉटना परवानगी देताना माणसे किती आणि मोकळी जमीन किती हे पाहणे, ही कामेही करावी लागतील. ती ग्रामपंचायतीच्या एकटीच्या खिशाला पेलणारी नाहीत आणि 'नगर' झालेल्या गावांना नगराचा निधी का मिळत नाही, हा प्रश्न तिथेच येतो.

तोवर करण्यासारखे एक काम स्वस्त आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाणी तपासून मिळते. जलजीवन मिशनखाली प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. गावातल्या दहा-बारा विहिरी निवडाव्यात, काही जुन्या आळीतल्या, काही नव्या प्लॉटमधल्या, एखादी वस्तीच्या वरच्या अंगाची. वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि पाऊस संपल्यावर, त्यांतले क्लोराइड, नायट्रेट, जडपणा आणि लोह मोजावे आणि आकडे एका वहीत तारखेसह लिहावेत. एका वर्षाची नोंद फारसे काही सांगणार नाही. पाच वर्षांची सांगेल: कोणती विहीर चढते आहे, कोणती स्थिर आहे, कुठे क्लोराइड आणि नायट्रेट जोडीने वाढले आणि कुठे भलतेच काही आले. त्या दिवशी ग्रामसभेत 'केमिकल' हा शब्द उच्चारला गेला तर कोणते केमिकल, किती आणि कोणाचे, हे तरी विचारता येईल.